बोधचिन्हांची विकृती आणि पृष्ठवर्णनभाषांचा इतिहास

१

मुद्रणाच्या व्यवहारात आज नित्य आढळणारा एक दोष असा : एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह मूळ आरेखनात निर्दोष असते, पृष्ठजुळणीच्या वेळी पडद्यावरही ते ठीक दिसते, परंतु जुळलेल्या पृष्ठांची पीडीएफ काढली की त्याच चिन्हाचे रूप पालटते. वर्तुळाची कडा बहुकोनासारखी दिसू लागते, टोकदार कोपरे बोथट होतात, दोन रंगांच्या सीमेवर केसाएवढी पांढरी रेघ उमटते, क्वचित चिन्हाचा एखादा भाग समूळ नाहीसा होतो. अशा वेळी दोषाचे खापर बहुधा दोघांवर फुटते : पीडीएफवर, अथवा ती छापणाऱ्या मुद्रकावर. दोष त्यांच्या हाती असताना दृष्टीस पडला, एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा असतो.

हा पुरावा अपुरा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. बोधचिन्ह कागदावर उमटण्यापूर्वी अनेक वर्णनभाषांतून प्रवास करते. या भाषा निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांपोटी घडल्या. त्यामुळे एकीत जे सांगता येते ते दुसरीत सांगता येतेच असे नाही. आकृतीची विकृती ही बहुतेक प्रसंगी अशा भाषांतरातील गळती असते, आणि ती कोठे झाली हे ठरविण्यास त्या भाषांचा इतिहास ठाऊक असावा लागतो. हा प्रश्न केवळ मुद्रकाच्या सोयीचा नाही. दोष कोठे जन्मला हे न शोधता, बिघडलेल्या आकृतीवरूनच नवी आकृती काढून घेण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. तिच्यामुळे विकृत प्रत हीच पुढील प्रतींचे मूळ होऊन बसते. संशोधनपत्रिकांतील शिलालेखांची रेखाटने, लिपींचे तक्ते आणि नकाशे यांनाही हाच न्याय लागू पडतो.

२

संगणकात आकृती दोन प्रकारांनी ठेवता येते. पहिल्या प्रकारात आकृतीच्या क्षेत्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदविला जातो. हे बिंदुचित्र होय. दुसऱ्या प्रकारात आकृतीची सीमा गणिती सूत्रांनी सांगितली जाते. मुद्रणव्यवसायात तिला व्हेक्टर म्हणतात. बिंदुचित्र मोठे केले की चौकोन दिसू लागतात. व्हेक्टर आकृती कितीही मोठी केली तरी कडा रेखीव राहते, कारण तेथे चित्र साठविलेले नसते, चित्र काढण्याची आज्ञा साठविलेली असते.

या आज्ञेचा गाभा म्हणजे वक्ररेषेचे सूत्र. त्याचा उगम मुद्रणात नसून मोटारनिर्मितीत आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये मोटारीच्या पत्र्याचे वक्र काही नियंत्रणबिंदूंच्या साह्याने सांगण्याची रीत शोधली. परंतु कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतील प्येर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात तशीच रीत स्वतंत्रपणे सिद्ध करून प्रसिद्ध केली, आणि वक्रास त्यांचेच नाव मिळाले. मुद्रणात रूढ झालेल्या घन बेझिए वक्रास चार बिंदू लागतात : दोन टोकांचे आणि दोन वळण ठरविणारे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बेझिए वक्राने शुद्ध वर्तुळ काढता येत नाही. चार वक्र जोडून जे वर्तुळ काढतात, त्यात त्रिज्येच्या दहा हजार भागांत तीन भागांहूनही कमी चूक राहते. ती डोळ्यास दिसत नाही. तथापि निर्दोष मानलेले मूळ आरेखनही एका अर्थाने सन्निकट वर्णनच असते, हे त्यावरून कळते. प्रश्न सन्निकटतेचा नसून, पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तिच्यात किती भर पडते याचा आहे.

३

१९८० पूर्वी मुद्रणयंत्राच्या प्रत्येक निर्मात्याची आज्ञावली वेगळी असे. एका यंत्रासाठी सिद्ध केलेले पृष्ठ दुसऱ्या यंत्रावर छापता येत नसे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात या अडचणीवर काम करणारे जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी स्थापन केली, आणि १९८४ मध्ये तिची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनभाषा बाजारात आली. १९८५ मध्ये अ‍ॅपल कंपनीचे लेझररायटर हे छपाईयंत्र आणि अल्डस कंपनीची पेजमेकर ही जुळणीप्रणाली यांच्या योगाने या भाषेचा प्रसार झाला. अक्षर असो वा आकृती, पृष्ठावरील प्रत्येक वस्तू यंत्रनिरपेक्ष रीतीने सांगावयाची आणि तिचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे काम अखेरच्या यंत्रावर सोपवावयाचे, हे या भाषेचे तत्त्व होते.

हे तत्त्व व्यवहारात पूर्णपणे पाळता आले नाही. वक्राचे ठिपके पाडण्यापूर्वी यंत्र त्याचे लहान लहान सरळ तुकडे करते. तुकडा खऱ्या वक्रापासून किती ढळू द्यावा हे सांगणारे मूल्य भाषेत होते, आणि ते त्या त्या यंत्राच्या ठिपक्यांत मोजले जाई. लेझररायटरवर एका इंचात ३०० ठिपके पडत. २४०० ठिपक्यांच्या यंत्रावर तेच मूल्य आठपट सूक्ष्म ठरे. छापण्याच्या क्षणी हे ऋजुकरण झाले तर त्यात दोष नाही. परंतु पोस्टस्क्रिप्टमध्ये वक्र कायमचा मोडून त्याच्या जागी सरळ रेषा ठेवण्याचीही आज्ञा होती. कमी ठिपक्यांच्या यंत्राच्या मापाने असे ऋजुकरण झालेली आकृती पुढे मोठी केली की तिच्या कडेला पैलू दिसू लागतात. वर्तुळाचा बहुकोन होण्यामागील हे एक कारण होय.

दुसरी अडचण स्मृतीच्या मर्यादेची. पोस्टस्क्रिप्टच्या पहिल्या पातळीत एका वेळी हाताळावयाच्या मार्गात १५०० बिंदू ही सामान्य मर्यादा होती. तिच्याबाहेर गेलेली आकृती छापली जात नसे. म्हणून आकृतीचे मार्ग तोडणे अथवा ऋजुकरणाचे मूल्य वाढविणे हे उपाय रूढ झाले, आणि दोन्ही उपायांची किंमत आकृतीलाच द्यावी लागली. छायाचित्रावरून यंत्राने आपोआप उतरवून घेतलेल्या चिन्हांत अनावश्यक बिंदू फार असतात. ती मर्यादा आता राहिलेली नसली, तरी अशा चिन्हांच्या कडा मुळातच थरथरत्या निघतात, आणि तो दोष पुढील टप्प्यांच्या माथी मारला जातो.

४

१९८७ मध्ये इलस्ट्रेटर ही आरेखनप्रणाली आली आणि बोधचिन्हे स्वतंत्रपणे सिद्ध करून पृष्ठात बसविण्याची प्रथा सुरू झाली. त्यासाठी ईपीएस हे रूप वापरले जाई. ईपीएस फाईलमध्ये पोस्टस्क्रिप्टचे वर्णन असेच, पण पडद्यावर दाखविण्यासाठी एक हलके बिंदुचित्रही बहुधा सोबत ठेवलेले असे. जुळणी करणाऱ्याला हे दुय्यम चित्र दिसे. मूळ वर्णन यंत्राकडे जाई. छपाईयंत्राला पोस्टस्क्रिप्ट कळत नसेल तर ते दुय्यम चित्रच छापून मोकळे होई. 'पडद्यावर खडबडीत, कागदावर स्वच्छ' आणि 'कागदावरही खडबडीत' या दोन्ही तक्रारींचे मूळ या एकाच व्यवस्थेत आहे.

याच काळात विंडोज प्रणालीत आकृतींची देवघेव करण्यासाठी डब्ल्यूएमएफ हे रूप प्रचारात आले. त्यात बिंदूंचे स्थान सोळा द्विमान अंकांच्या पूर्णांकांत लिहावे लागे, आणि बेझिए वक्र सांगण्याची सोयच नव्हती. ती सोय नंतरच्या ईएमएफ या रूपात आली. साहजिकच डब्ल्यूएमएफमधून जाणाऱ्या आकृतीचा प्रत्येक वक्र सरळ तुकड्यांनी सांगावा लागे आणि प्रत्येक बिंदू जवळच्या पूर्णांकावर सरके. एका प्रणालीतून चिन्ह उचलून दुसरीत नुसते चिकटविले असता कोणते रूप मध्यस्थी करते, हे वापरणाऱ्यास दिसत नाही. आणि म्हणूनच ही गळती बहुधा अलक्षित राहते.

भाषांतरात आणखी एक सूक्ष्म धोका असतो. व्याकरणात ज्याला अध्याहार म्हणतात, त्याच्याशी तो मिळताजुळता आहे. वर्णनात एखादे मूल्य लिहिलेले नसेल तर वाचणारी प्रणाली आपल्या भाषेच्या संकेतानुसार ते गृहीत धरते. दोन जाड रेषा लघुकोनात मिळाल्या की त्यांचे टोक किती लांब जाऊ द्यावे यासाठी एक मर्यादा असते. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ यांत ती न लिहिल्यास १० मानली जाते. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या भाषेत ४ मानली जाते. पहिलीत सुमारे ११ अंशांहून लहान कोनांचेच टोक छाटले जाते, दुसरीत सुमारे २९ अंशांपर्यंतच्या कोनांचे. म्हणजे २० अंशांचा कोपरा एका भाषेत टोकदार आणि दुसरीत बोथट निघेल. आणि दोन्ही भाषा आपापल्या नियमांप्रमाणे बरोबरच असतील.

मापाच्या एककाचेही तसेच. पोस्टस्क्रिप्टमध्ये एका इंचाची ७२ एकके होतात, एसव्हीजीच्या आजच्या संकेतात ९६. इंकस्केप ही मुक्त आरेखनप्रणाली २०१७ मधील ०.९२ या आवृत्तीपूर्वी ९० एकके मानीत असे. त्यानंतर तीही ९६ मानू लागली. जुन्या संकेताने काढलेले एक इंची चिन्ह नव्या संकेताने वाचले तर ते सुमारे सहा टक्क्यांनी लहान होते, आणि ७२ च्या संकेताने वाचले तर सव्वा इंच होते. मग जुळणी करणारा ते ताणून वा दाबून चौकटीत बसवितो. त्या वेळी रुंदी व उंची यांचे प्रमाण सुटले, किंवा आकृती आखूड होऊनही रेषांची जाडी तीच राहिली, तर चिन्ह ओळखू येण्यासारखे राहूनही ते मूळचे राहत नाही.

५

पीडीएफची कल्पना वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये मांडली आणि १९९३ मध्ये ती अ‍ॅक्रोबॅटसह प्रसिद्ध झाली. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण आज्ञाभाषा होती. तिच्यात पुनरावृत्ती, अट, नवी आज्ञा रचणे हे सारे शक्य होते. पीडीएफने हे सामर्थ्य सोडून दिले आणि पृष्ठाचे स्थिर वर्णन तेवढे ठेवले. मात्र बेझिए वक्र, रेषेची जाडी, कोपऱ्यांचे नियम हे सर्व तिने पोस्टस्क्रिप्टमधून जसेच्या तसे घेतले. म्हणून पोस्टस्क्रिप्टमध्ये शुद्ध असलेला वक्र केवळ पीडीएफमध्ये गेल्यामुळे बिघडण्याचे काही कारण नाही. पीडीएफवरील सर्वसाधारण आरोप येथेच निराधार ठरतो.

खरी अडचण २००१ पासून उद्भवली. त्या वर्षीच्या पीडीएफ १.४ या आवृत्तीत पारदर्शकता आली. पोस्टस्क्रिप्टमध्ये वरची वस्तू खालच्या वस्तूस पूर्ण झाकते. अर्धवट झाकण्याची कल्पनाच त्या भाषेत नाही. छाया, फिकट होत जाणाऱ्या कडा, एकावर एक मिसळणारे रंग हे पोस्टस्क्रिप्टवर चालणाऱ्या यंत्राकडे पाठवावयाचे, तर एकमेकांवर पडलेल्या वस्तूंचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास अपारदर्शक रंग द्यावा लागतो. याही क्रियेस व्यवसायात 'फ्लॅटनिंग' म्हणतात. वक्राच्या ऋजुकरणालाही हाच शब्द असल्यामुळे दोन अगदी भिन्न दोषांची गल्लत होते. येथे पहिलीस सपाटीकरण म्हणणे सोयीचे होईल.

सपाटीकरणात चिन्हाचे काही तुकडे व्हेक्टर राहतात व काही बिंदुचित्र होतात. बिंदुचित्राची सूक्ष्मता कमी ठेवली असेल तर त्याच चिन्हाची एक कड रेखीव आणि शेजारची खडबडीत दिसते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडद्यावर बारीक पांढरी रेघ दिसते. ती खरी रेघ आहे की केवळ पडद्याचा भास, हे ठरविण्यास सोपी कसोटी आहे : पृष्ठ मोठे करीत गेल्यावर जी रेघ त्या प्रमाणात जाड होत नाही ती बहुधा भास असते आणि कागदावर उमटत नाही, जी जाड होत जाते ती आकृतीतील खरी फट होय.

प्रमाणीकरणाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. मुद्रणासाठी २००१ मध्ये ठरलेल्या पीडीएफ एक्स-१ए या प्रमाणाने पारदर्शकता वर्ज्य केली. अर्थात ती फाईल काढतानाच सपाटीकरण करणे भाग पडले. २००८ मधील एक्स-४ या प्रमाणाने पारदर्शकता तशीच ठेवण्यास मुभा दिली, कारण तोवर ती थेट वाचणारी छपाईव्यवस्था उपलब्ध झाली होती. नवी व्यवस्था असलेल्या मुद्रणालयाकडे केवळ सवयीने एक्स-१ए फाईल पाठविली, तर जे भाषांतर आवश्यकच नव्हते ते करून घेतल्यासारखे होते.

चिन्हाचा भाग नाहीसा होण्याचे एक कारण याहून वेगळे आहे. एक शाई दुसरीवर छापावी, खालची जागा कोरी सोडू नये, अशी सूचना वस्तूस देता येते. काळ्या अक्षरांना ती योग्य असते. परंतु तीच वस्तू पुढे पांढरी केली आणि सूचना तशीच राहिली, तर खालच्या रंगावर काहीच छापले जात नाही, कारण मुद्रणात पांढरा हा सामान्यतः शाईचा रंग नसून कागदाचा रंग असतो. साध्या पडद्यावर ती वस्तू दिसत राहते आणि छापताना लोपते.

६

मराठी मुद्रणात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली आणि त्याच सुमारास युनिकोडमध्ये देवनागरीस स्थान मिळाले. तरी डीटीपीच्या व्यवहारात दीर्घकाळ निरनिराळ्या कंपन्यांचे, परस्परांशी न जुळणारे संकेत असलेले फाँटच प्रचलित राहिले. मुद्रणालयात तोच फाँट असेल याची खात्री नसल्यामुळे अक्षरे 'कर्व्ह' करून, म्हणजे त्यांचे आकृतीत रूपांतर करून पाठविण्याची रीत रुळली. ती आजही चालू आहे, आणि संस्थेचे नाव असलेल्या बोधचिन्हांत तर ती जवळजवळ नियमच झाली आहे.

या रूपांतराने अक्षर हे अक्षर राहत नाही. फाँटबरोबर येणाऱ्या, कमी ठिपक्यांच्या यंत्रावर रेषांची जाडी समान राखणाऱ्या सूचना गळून पडतात आणि अक्षरे किंचित जाड वा विषम दिसतात. परंतु देवनागरीस खरी बाधा शिरोरेषेत होते. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा सांधा दिसू नये म्हणून एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. आकृतीचा आतला भाग कोणता हे ठरविण्याचे दोन नियम पोस्टस्क्रिप्टपासून चालत आले आहेत. त्यांपैकी सम-विषम नियमानुसार दोन मार्ग जेथे एकमेकांवर पडतात ते क्षेत्र बाहेरचे ठरते. अक्षरे एकाच संयुक्त मार्गात जोडून हा नियम लावला गेला की शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर पांढरा चौकोन पडतो. रोमन लिपीत अक्षरे सामान्यतः सुटी असल्याने हा दोष क्वचितच दिसतो. म्हणून परदेशी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. उपाय साधा आहे : जोडण्यापूर्वी सर्व मार्गांचा संयोग करून एकच बाह्यरेषा सिद्ध करावी.

७

येथवरच्या विवेचनातून दोषशोधाची पद्धत आपोआप सूचित होते. ती पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, अथवा सु. मं. कत्रे यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील १९४१ मधील ग्रंथ, यांतील तत्त्व असे की भ्रष्ट पाठ केवळ दुरुस्त करावयाचा नसतो; तो कोणत्या प्रतीत प्रथम शिरला हे आधी ठरवावयाचे असते.

बोधचिन्हाच्या बाबतीत प्रतींची परंपरा बहुधा अशी असते : मूळ आरेखन, देवघेवीचे रूप, जुळणीतील पृष्ठ, पीडीएफ आणि छापील कागद. प्रथम पीडीएफ बरीच मोठी करून पाहावी. कडा रेखीव राहिली तर वर्णन अखंड आहे व दोष पुढे, छपाईत, शोधावा. चौकोन दिसले तर कोठेतरी बिंदुचित्र झाले आहे. सरळ पैलू दिसले तर कोठेतरी वक्र मोडला आहे. कोपरे वा प्रमाण बदलले असेल तर अध्याहृत मूल्याचा संशय घ्यावा. सांध्यावर पांढरे चौकोन असतील तर भरणीचा नियम तपासावा. त्यानंतर याच कसोट्या एकेक प्रत मागे जाऊन लावाव्यात. जी प्रत शुद्ध आहे आणि जिच्या पुढची अशुद्ध आहे, त्या दोहोंमधील भाषांतरात दोषाचा जन्म झाला, असा निष्कर्ष निघतो. एका वेळी एकच टप्पा बदलून पुन्हा पीडीएफ काढली की तो पडताळताही येतो. सर्व टप्पे एकदम बदलले तर दोष कदाचित जाईल. पण तो कशाने गेला हे कळणार नाही आणि पुढच्या अंकात तो परत येईल.

पोथ्यांच्या अभ्यासकापेक्षा येथील शोधकाची स्थिती एका बाबतीत अनुकूल आहे. पोथीचा मूळ लेख बहुधा नष्ट झालेला असतो. बोधचिन्हाचे मूळ आरेखन जपून ठेवणे शक्य असते. प्रत्यक्षात मात्र संस्थांच्या दप्तरी ते क्वचितच सापडते. सापडते ती जुन्या पत्रशीर्षावरून उतरविलेली, कोणीतरी कोणाला पाठविलेली, तिसऱ्या वा चौथ्या हाताची प्रत. आणि तीच मुद्रकाकडे जाते. तिच्यातून निघालेल्या वेड्यावाकड्या वर्तुळाबद्दल मग मुद्रकाला जाब विचारला जातो. मूळ आरेखन, ते कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीत काढले याची नोंद आणि एक अखंड व्हेक्टर पीडीएफ एवढे तीन पुरावे प्रत्येक संस्थेने जपले, तर या तक्रारींतील पुष्कळशा मुळातच उद्भवणार नाहीत. आणि ज्या उद्भवतील त्यांचा निवाडा अनुमानाऐवजी पुराव्याने करता येईल.